स्तनांचा कर्करोग: धोका कशानं वाढतो, कशानं वाढत नाही

(जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या महिलांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

आज इथं मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर अशा बाजारपेठेच्या गावांतल्या ताया आहेत, तशाच तळेघर, आपटाळे या बाजूनं, पश्चिमेच्या आदिवासी भागातून एसटी बदलत आलेल्या मावश्या आणि आजीही आहेत. मागच्या रांगेत काही दादा बसलेत. त्यांना मुद्दाम सांगते, तुम्ही उठून जाऊ नका. दवाखान्यात कधी जायचं आणि कुठल्या दवाखान्यात जायचं, हे बऱ्याच घरांत अजून तुम्हीच ठरवता. त्यामुळं हा विषय तुमचाही आहे.

स्तनांच्या कर्करोगाचं निदान झालं की बाई डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारते. पहिला, “मलाच का? माझं काय चुकलं?” आणि दुसरा, “आमच्या घराण्यात तर कुणालाच नव्हता, मग मला कसा झाला?” या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एका शब्दात दडलेलं आहे. डॉक्टर लोक त्याला ‘जोखमीचे घटक’ म्हणतात. आपण साधं म्हणू, धोका वाढवणाऱ्या गोष्टी. आज या गोष्टी कोणत्या, त्या किती मोठ्या, त्यातल्या आपल्या हातात कोणत्या, आणि ज्या नाहीतच त्या कोणत्या, एवढंच बोलायचं आहे.

आधी ‘धोका’ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आपला माळशेज घाट घ्या. पावसाळ्यात तिथं धुकं असतं, रस्ता ओला असतो, मध्येच दरड येते. अशा दिवशी अपघाताची शक्यता वाढते. पण त्या दिवशी घाटातून गेलेल्या बहुतेक गाड्या सुखरूप घरी पोचतात. आणि कधी कधी स्वच्छ उन्हाच्या दिवशी, नीट चालवणाऱ्या माणसाचाही अपघात होतो. धुकं हा जोखमीचा घटक. धुकं म्हणजे अपघात नव्हे, आणि धुकं नाही म्हणजे अपघात होणारच नाही असंही नव्हे. कर्करोगाचं असंच आहे. ज्या बाईत धोका वाढवणारी एखादी गोष्ट आहे तिला रोग होईलच असं नाही, आणि जिच्यात एकही दिसत नाही तिला होणारच नाही असंही नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. आजच्या बोलण्याचा निम्मा अर्थ त्यातच आहे.

आता हा रोग किती आहे ते पाहू. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनांचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार बायका त्यानं गेल्या. भारतीय बायकांत आज हा सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग आहे. देशातल्या नोंदींवरून असा हिशेब निघतो की ७४ वर्षांपर्यंतच्या आयुष्यात साधारण २९ बायकांमागे एकीला हा रोग होतो.

हे आकडे येतात कुठून? मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीनं १९६३ साली कर्करोगाची नोंदवही सुरू केली. देशातली अशी ती पहिली. शहरात कुणालाही कर्करोग झाला की त्याची नोंद तिथं व्हायची. पुढं पुण्याची नोंदवही सुरू झाली. पण खेड्यांचं काय? त्यासाठी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदवही सुरू झाली. तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरून माहिती गोळा करत. मुंबईची आणि बार्शीची वही शेजारी शेजारी ठेवली तर एक गोष्ट ठळक दिसते. वयातला फरक हिशेबात धरूनसुद्धा बार्शीच्या खेड्यांत स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी.

म्हणजे एकच राज्य, एकच भाषा, आणि तरी एवढा फरक. हवा-पाण्यानं पडलेला हा फरक नव्हे. तो कशानं पडतो हे समजलं की आपल्याकडं पुढं काय होणार आहे तेही समजतं. कारण आपले दोन्ही तालुके आज मधेच उभे आहेत. पूर्वेला पुणे-नाशिक रस्त्यावरची गावं झपाट्यानं शहरासारखी होत आहेत. पश्चिमेला डिंभे धरणाच्या वरच्या बाजूची, भीमाशंकरकडची गावं अजून जुन्या वळणावर आहेत. पण तिथल्याही मुली आता शिकायला खाली येतात.

तर आधी शरीरात काय घडतं ते बघू. पूर्वी सातबारा हातानं लिहायचे. एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवून घ्यायचे. जितक्या वेळा नक्कल, तितक्या वेळा चुकीची शक्यता. कधी एखादं नाव राहायचं, कधी गट नंबर चुकायचा. बहुतेक चुका तिथल्या तिथं दुरुस्त व्हायच्या. एखादी तशीच राहायची आणि पुढच्या प्रत्येक नकलेत उतरायची. आपल्या शरीरातली पेशी जेव्हा एकाच्या दोन होते, तेव्हा ती आपली सगळी कुंडली अशीच उतरवून घेते. स्तनातल्या पेशींना ‘वाढा’ असं सांगणारी दोन संप्रेरकं आहेत, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. दर महिन्याच्या पाळीच्या चक्रात ती वर-खाली होतात आणि त्या पेशींना दर महिन्याला थोडी चालना मिळते. म्हणजे जितकी वर्षं पाळी, जितकी जास्त चक्रं, तितक्या जास्त नकला. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना स्तनातल्या पेशी पूर्ण पिकतात, कामाला लागतात. पिकलेली पेशी सहजासहजी भरकटत नाही. हे एवढं ध्यानात धरलं की पुढची यादी पाठ करावी लागत नाही, आपोआप समजते.

पहिल्या गटात आपल्या हातात नसलेल्या गोष्टी येतात.

यातली सगळ्यात मोठी म्हणजे बाई असणं. पुरुषांनाही हा रोग होतो, पण शंभर रुग्णांत एखादा. दुसरी, वय. वय वाढतं तशा नकला आणि चुका साठत जातात. “आपल्याकडं तरुण बायकांनाच जास्त होतो” असं ऐकू येतं. आपल्याकडच्या रुग्ण बायकांचं सरासरी वय पन्नाशीच्या आसपास असतं आणि पाश्चात्य देशांत ते साधारण दहा वर्षांनी जास्त असतं, हे खरं. पण त्याचं मोठं कारण म्हणजे आपल्या देशात तरुण बायकांची संख्याच जास्त. तरुणपणीचा धोका इथं तिकडच्याहून जास्त नाही. म्हातारपणी मात्र तो तिकडं खूप जास्त असतो. म्हणून साठीची आजी “आता या वयात मला काय होतंय” म्हणते तेव्हा ती चुकते. वय हेच तिच्या धोक्याचं कारण आहे.

तिसरी, लवकर आलेली पाळी आणि उशिरा गेलेली पाळी. चक्रांची संख्या वाढते, म्हणून धोका थोडा वाढतो.

चौथी, घराण्यातला रोग. याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी एकीला रोग असेल तर धोका साधारण पावणेदोन ते दोन पटीनं वाढतो. दोघींना असेल तर तिपटीच्या जवळ जातो. पण ‘दुप्पट’ ऐकून घाबरू नका. दुप्पट कशाच्या, ते विचारायचं. समजा शंभर बायकांत तिघींना होणार होता, तर दुप्पट म्हणजे सहा. चौऱ्याण्णव जणींना तरीही होणार नाही. आता दुसरी बाजू. अनेक देशांतली माहिती एकत्र करून २००१ साली मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की स्तनांचा कर्करोग झालेल्या दर नऊ बायकांपैकी आठ जणींच्या आईला, बहिणीला किंवा मुलीला तो नव्हता. म्हणजे “आमच्या घराण्यात नाही” हे काही संरक्षण नाही. बहुतेक रुग्ण अशाच घरांतल्या असतात.

काही थोड्या घरांत मात्र बिघडलेलं जनुक पिढीजात चालत येतं. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही त्यांची नावं. शंभरातले पाच-दहा रुग्ण अशा पिढीजात कारणांचे असतात. ओळखायचं कसं? घरात चाळिशीच्या आत कुणाला झाला असेल, एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना झाला असेल, कुणाला अंडाशयाचा कर्करोग असेल, किंवा घरातल्या पुरुषाला स्तनांचा कर्करोग असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि फक्त माहेरच्या आईकडची माणसं मोजू नका. वडिलांकडच्या आत्या आणि आजीही मोजा. जनुक बापाकडूनही येतं.

दुसऱ्या गटात लग्न, मुलं आणि अंगावर पाजणं या गोष्टी येतात. इथंच शहर आणि खेड्यातल्या फरकाचं मोठं उत्तर आहे.

ही गोष्ट खूप जुनी आहे. इटलीतले डॉक्टर बर्नार्दिनो रामाझिनी यांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं की मठात राहणाऱ्या जोगिणींमध्ये स्तनांचा कर्करोग जास्त दिसतो. १९२६ साली इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपन या डॉक्टर बाईंनी रोग झालेल्या पाचशे आणि न झालेल्या पाचशे बायकांची तुलना केली. मुलं किती, लग्न कधी, अंगावर किती पाजलं, असे साधे प्रश्न विचारले. आज जगभर कारणं शोधायची जी पद्धत वापरतात, तिची सुरुवात तिथं झाली. आपल्या मुंबईच्या नोंदवहीतही तेच दिसलं. पारशी बायकांत स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण शहरातल्या इतर समाजांहून बरंच जास्त होतं. त्यांच्यात लग्नं उशिरा होत, काहींची होतच नसत, मुलं कमी असत. १९७० साली जगातल्या सात भागांची माहिती एकत्र करून असं दिसलं की वयाच्या १८ वर्षांच्या आत पहिलं मूल झालेल्या बायकांचा धोका पस्तिशीनंतर पहिलं मूल झालेल्यांच्या सुमारे एक तृतीयांश असतो.

२००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र केली गेली. त्यात रोग झालेल्या सुमारे ५० हजार बायका होत्या. निष्कर्ष असा की प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतो, आणि अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे आणखी सुमारे ४.३ टक्क्यांनी. हे बारा महिने आयुष्यभराचे मिळून मोजायचे. दोन मुलांना दीड-दीड वर्ष पाजलं तर तीन वर्षं झाली.

आता इथं एक धोक्याचं वळण आहे. कुणी म्हणेल, “बघा, जुनी माणसं बरोबर होती. पोरींची लग्नं लवकर लावा.” मी स्पष्ट सांगते, या आकड्यांचा तो अर्थ नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं बाळंतपण तिच्या जिवाला आणि बाळाला किती जड जातं, हे इथल्या आशाताईंना मी सांगायला नको. अंगात रक्त नाही, बाळ कमी वजनाचं, आणि शिक्षण सुटलं ते सुटलंच. शिवाय लवकर लग्न आणि जास्त बाळंतपणं यांनी गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. महाराष्ट्रात आता बाईमागे मुलांचं सरासरी प्रमाण दोनच्या खाली आलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, ते १.७ निघालं. पोरी शिकल्या, मुलं कमी झाली, हे चांगलंच झालं. त्याची थोडी किंमत म्हणून स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण वाढणार, हे ओळखून तयारीत राहायचं. प्रगती परत फिरवायची नाही. आणि ज्या बाईला मूल झालं नाही, तिला “म्हणूनच तुला झालं” असं बोलायचा कुणालाच अधिकार नाही. एका बाईला रोग का झाला हे या आकड्यांवरून कधीच सांगता येत नाही. हजारो बायकांत काय दिसतं, तेवढंच त्यांवरून कळतं.

मात्र अंगावर पाजणं हे आपल्या हातात आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढं वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत पाजत राहणं बाळासाठी चांगलं, आणि आईसाठीही. शेतावर जाणाऱ्या, पॅकहाउसमध्ये, कंपनीत कामाला जाणाऱ्या बाईला ते जमावं म्हणून घरानं मदत केली पाहिजे. सासूबाईंनी आणि नवऱ्यानं.

तिसऱ्या गटातल्या गोष्टी आपल्याला बदलता येतात.

पहिली, वजन. पाळी गेल्यानंतर अंडाशयातून इस्ट्रोजेन येणं जवळपास थांबतं. पण शरीरातली चरबी ते थोडं थोडं बनवत राहते. म्हणून पाळी गेल्यावर वाढलेलं वजन हा महत्त्वाचा घटक आहे. टाटा मेमोरियलच्या संशोधकांचा २०१६ सालचा अभ्यास आपल्यासाठी जास्त उपयोगी आहे. त्यांना दिसलं की भारतीय बायकांत कमरेभोवतीची चरबी धोका वाढवते, मग पाळी चालू असो की गेलेली. म्हणजे काट्यावरच्या किलोंइतकंच कमरेच्या घेराकडं बघायला हवं. हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, अशी ठेवण आपल्याकडं पुष्कळ दिसते.

दुसरी, अंगमेहनत. भात आवणीला दिवसभर वाकणारी, हिरडा गोळा करायला रानात चढणारी बाई रोज भरपूर हालचाल करते. तिला मी व्यायामशाळा सांगणार नाही. पण आता घरोघर नळ आला, दळण गिरणीत गेलं, शेतात ट्रॅक्टर आला, दारात मोटारसायकल आली. कष्ट कमी झाले हे बरंच झालं. फक्त ज्या ताईचा दिवस दुकानात, कार्यालयात किंवा स्वयंपाकघर आणि टीव्ही यांच्यात जातो, तिनं रोज अर्धा तास झपझप चालावं.

तिसरी, दारू. बायकांचा विषय नाही असं समजू नका. रोज दहा ग्रॅम मद्यार्क पोटात गेला, म्हणजे साधारण एक लहान पेग, तर धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. जितकी जास्त, तितका जास्त.

चौथी, संप्रेरकांची औषधं. माला-डी, माला-एन यांसारख्या गोळ्या घेत असताना धोका थोडा वाढतो. १९९६ सालच्या मोठ्या अभ्यासात ही वाढ सुमारे २४ टक्के होती, आणि गोळ्या थांबवल्यावर दहा वर्षांत ती उरत नाही असं दिसलं. तरुण वयात मुळात धोकाच फार कमी असतो, त्यामुळं प्रत्यक्षात वाढ अगदी थोडी. नको असलेलं गरोदरपण टाळण्याचा फायदा मोठा आहे. तेव्हा घाबरून गोळ्या फेकू नका. घरात रोग असेल तर डॉक्टरांना विचारून दुसरा उपाय निवडा. साध्या तांबीत संप्रेरक नसतं. पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी वर्षानुवर्षं दोन्ही संप्रेरकांच्या गोळ्या घेतल्यानं मात्र धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २००२ साली दिसलं. तशा गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत.

आता ज्या गोष्टींनी हा रोग होत नाही, त्याही सांगते. छातीला मार लागल्यानं कर्करोग होत नाही. मार लागल्यावर बाई तिथं हात लावून बघते आणि आधीपासूनची गाठ तेव्हा सापडते, एवढंच. बाळ दूध पिताना चावलं म्हणून होत नाही. घट्ट किंवा काळी ब्रेसियर घातल्यानं होत नाही. ब्लाउजमध्ये पैशाचं पाकीट किंवा मोबाइल ठेवल्यानं होतो याला पुरावा नाही. नजर, करणी, मागच्या जन्मीचं पाप, यांचा संबंध नाही. आणि हा रोग लागट नाही. रुग्ण बाईच्या ताटात जेवलं, तिचे कपडे धुतले, तिनं नातवाला मांडीवर घेतलं, तरी कुणाला काही होत नाही. तिचं ताट-वाटी वेगळं काढू नका. रोगापेक्षा ते जास्त लागतं.

ही सगळी यादी ऐकून एक प्रश्न उरतो. सगळं नीट पाळलं तरी रोग होऊ शकतो, मग उपयोग काय? उपयोग आहे, धोका कमी होतो. पण खरं सांगायचं तर बहुतेक रुग्ण बायकांत वय आणि बाई असणं यापलीकडं मोठं असं कारण सापडतच नाही. म्हणून यादी बघून “मी यात बसत नाही” असं ठरवून निर्धास्त व्हायचं नाही. रोग झाला की पुढं काय होईल, हे बऱ्याच अंशी कोणत्या टप्प्यावर सापडला त्यावर ठरतं. देशातल्या अकरा नोंदवह्यांमधल्या रुग्णांचा हिशेब २०२४ साली प्रसिद्ध झाला. रोग स्तनापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनंतर शंभरातल्या सुमारे ८१ जणी हयात होत्या. शरीरात दूरवर पसरल्यावर सापडला तर सुमारे १८. या दोन आकड्यांमधलं अंतर बरंचसं लाजेचं, भीतीचं आणि “कांदा काढून झाला की बघू” याचं अंतर आहे.

यावर काही करता येतं का, हे मुंबईत तपासून पाहिलं गेलं आहे. टाटा मेमोरियलनं १९९८ साली वस्त्यांमध्ये एक मोठी चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, हातानं स्तन तपासायच्या आणि माहिती द्यायच्या. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही. वीस वर्षांचा निकाल २०२१ साली आला. तपासणीच्या वस्त्यांत पुढच्या टप्प्यावर सापडलेल्या रोगाचं प्रमाण ४७ वरून ३७ टक्क्यांवर आलं. पन्नास आणि त्यापुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही, हेही सांगायला हवं. पण प्रशिक्षित बाईच्या हातानं एवढं साधतं, हा आपल्यासारख्या भागासाठी फार मोठा निकाल आहे.

सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईची ही हातानं होणारी तपासणी दर पाच वर्षांनी करायची तरतूद आहे. उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात. पण त्याच राष्ट्रीय पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत आयुष्यात एकदा तरी स्तन तपासून घेतलेल्या बायका देशभरात शंभरात एकही भरली नाही. ०.९ टक्के! आशाताई फॉर्म भरायला येतात तेव्हा “छातीत गाठ आहे का” या प्रश्नाला मान खाली घालून “नाही” म्हणू नका. उपकेंद्रात गेल्यावर स्वतःहून सांगा, “ताई, माझी छाती तपासा.”

घरी काय करायचं? चीनमध्ये शांघायला सुमारे २ लाख ६६ हजार गिरणी कामगार बायकांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना दर महिन्याला स्वतःची तपासणी ठरावीक पद्धतीनं करायला शिकवलं. मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या सुया-शस्त्रक्रिया मात्र वाढल्या. म्हणून रोज घाबरत चाचपत बसू नका. आपल्या शरीराची ओळख असू द्या. अंघोळीच्या वेळी काही नवं जाणवलं तर लक्ष द्या. गाठ, मग ती दुखो वा न दुखो, काखेतली गाठ, त्वचेला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, आत ओढलं गेलेलं बोंड, बोंडातून येणारं रक्तासारखं पाणी, किंवा न भरणारी जखम. यातलं काही असेल तर पंधरा दिवसांत दाखवा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते हात लावून सांगता येत नाही. तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईनं घेतलेला तुकडा, या तीन पायऱ्यांनी ते ठरतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न: माझ्या आईला पंचावन्नाव्या वर्षी झाला होता. मला होणारच ना?

उत्तर: नाही ताई. तुमचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, पण न होण्याची शक्यताच खूप मोठी आहे. आईच्या बाजूला, वडिलांच्या बाजूला आणखी कुणाला होता का ते घरात विचारून लिहून ठेवा. डॉक्टरांना दाखवा आणि नियमित तपासणी कधीपासून सुरू करायची ते ठरवून घ्या.

प्रश्न: आम्ही मिश्री लावतो. त्यानं होतो का?

उत्तर: मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तोंडाच्या कर्करोगाशी तिचा संबंध पक्का आहे. स्तनांच्या कर्करोगाशी तसा सिद्ध नाही. पण तेवढ्यावर समाधान मानू नका मावशी. स्तन वाचले आणि तोंड गेलं, तर काय मिळवलं? मिश्री सोडाच.

प्रश्न: द्राक्षाच्या, टोमॅटोच्या फवारणीनं होतो असं गावात म्हणतात.

उत्तर: डीडीटीबद्दल अमेरिकेत अभ्यास झाला, तो २००७ साली आला. अगदी लहान वयात त्याचा खूप संपर्क आलेल्यांत पुढं धोका वाढलेला दिसला. आज बागेत वापरतात त्या औषधांचा स्तनांच्या कर्करोगाशी तसा पक्का संबंध दिसलेला नाही. पण विषबाधा, डोळ्यांची, कातडीची इजा हे धोके आहेतच. गरोदर बाईनं आणि लहान मुलांनी फवारणीच्या बागेत जाऊ नये, फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत, रिकामे डबे घरात वापरू नयेत.

प्रश्न: सुई लावली की गाठ पसरते म्हणतात, ते खरं का?

उत्तर: नाही. सुईनं तुकडा घेतल्यानं रोग पसरत नाही. सुई टाळून लेप लावत, मंत्रून घेत, झाडपाला बांधत सहा महिने घालवले की पसरतो. तेव्हा लोकांना सुई आठवते, वाया गेलेले सहा महिने आठवत नाहीत.

प्रश्न: बाळ वर्षाचं आहे. सुनेला गाठ लागते. दुधाचीच असेल ना?

उत्तर: बहुतेक वेळा दुधाचीच असते. पण बाळंतपणानंतर काही वर्षं धोका थोडा वाढतो, हेही दिसून आलं आहे. फायदा नंतर सुरू होतो. त्यामुळं पाजून झाल्यावरही गाठ गेली नाही, दोन आठवड्यांत कमी झाली नाही, तर सोनोग्राफी करून घ्या. त्यासाठी पाजणं थांबवावं लागत नाही.

प्रश्न (मागच्या रांगेतून): मंडळी दाखवायला तयार होत नाही. खर्चाचंही आहे.

उत्तर: दादा, तुम्ही विचारलंत हेच मोठं काम झालं. आधी उपकेंद्रातल्या सिस्टरकडं न्या, तिथं बाईच तपासते. मग घोडेगाव, नारायणगावचं ग्रामीण रुग्णालय किंवा मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, आणि पुढं लागलंच तर पुण्यात ससून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, औषधं आणि किरणोपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. आणि घरी जाऊन त्यांना एवढंच सांगा, “तुझं काही चुकलेलं नाही. आपण सोबत जाऊ.” बायका दाखवत नाहीत त्यामागं बरेचदा दुखण्यापेक्षा दोष आपल्यावर येईल ही भीती असते. ती भीती घरातल्या माणसांनीच काढायची असते.

वेळ झाली. पश्चिमेकडच्या मावश्यांना शेवटची एसटी गाठायची आहे. जाताना एक काम करा. आपल्या गल्लीतल्या, वाडीतल्या पन्नाशीच्या पुढच्या एका तरी बाईला या महिन्यात उपकेंद्रात घेऊन जा. स्वतः जा, आणि तिलाही न्या.